दहा पुरुषांचा मलिदा

आईने माझ्यासाठी नवस बोलला तेव्हा मला विचारलं नव्हतं. ती ठाण्याला होती आणि मी इथे पेनसिल्व्हेनियात, स्तनातली गाठ काढून घरी आलेली. गाठ साधी निघाली, हे सांगायला मी फोन केला. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं. मी मलिदा बोलले आहे."

"कधी?"

"तू आत असताना. एलियाहू हन्नाबीला. तुमच्या तिथल्या मशिदीत, दहा पुरुषांसमोर."

"आई, गाठ डॉक्टरांनी काढली."

"मग डॉक्टरांनाही दे वाटीभर."

मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग. कोकणातल्या आमच्या बेने इस्राएल ज्यू म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तोच शब्द होता. तो दुरुस्त करण्याचा नाद मी शाळेतच सोडला. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची, बदाम घालून केलेली रास. तिच्याभोवती पाच फळं मांडायची, एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणायचं, आशीर्वाद म्हणायचे आणि सगळ्यांनी खायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातल्या नव्हे) एका कातळावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची खूण आहे. आईचं माहेर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे एलियाहू हा प्रेषित तिच्या दृष्टीने बायबलातला कमी आणि माहेरकडचा जास्त होता. त्याला शब्द दिला की दिला.

मी म्हटलं, ठाण्याला तू करून टाक ना. ती म्हणाली, "जिथे ऐकलं त्याने, तिथे फेडायचं."

मग मी सहा वर्षं नवस फेडला नाही. नोकरी, मुलीची शाळा, घराचं छत. खरं सांगायचं तर माझा नवसावर विश्वास नाही, आणि जे काम आपल्याला पटत नाही त्याला वेळ मिळत नाही.

वडील गेल्यावर आई इथे राहायला आली. आमचं गाव विद्यापीठाचं. सिनेगॉग एकच, गावाच्या टोकाला, बसक्या विटांची इमारत. आत गालिचा, घडीच्या खुर्च्या, कोट टांगायच्या लांब दांड्या. पहिल्या शनिवारी आईने दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेच्या डबीला, हात लावून बोटांचं चुंबन घेतलं, डोक्यावरून पदर घेतला आणि विचारलं, "बायकांची बाजू कुठली?"

"इथे वेगळी बाजू नसते. कुठेही बस."

तिने सगळ्यात मागच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची घेतली आणि शेजारच्या खुर्चीवर स्वतःचा कोट अंथरला, म्हणजे तिथे कुणी पुरुष बसायला नको. पुढची पाच वर्षं ती खुर्ची तिची आणि शेजारची तिच्या कोटाची. लोकांनाही ते माहीत झालं. एखादा नवखा तिकडे वळला की कुणीतरी त्याची बाही ओढत असे.

प्रार्थनेचे शब्द तेच होते, चाली वेगळ्या. ती तिच्या चालीत पुटपुटायची आणि बाकीच्यांच्या मागे एक ओळ राहायची. सगळे थांबले की तिचा आवाज एकटा ऐकू यायचा, मग तीही थांबायची. घरी येताना गाडीत ती राहिलेली ओळ पूर्ण करायची. मी रेडिओ लावत नसे. एवढं मला कळत होतं.

नवसाची आठवण ती दर हिवाळ्यात काढायची, कारण मलिद्याचा खास दिवस हिवाळ्यात येतो, झाडांच्या नव्या वर्षाच्या सणाला. कोकणात तेव्हा आंब्याला मोहर असतो. इथे झाडांची नुसती काटकं उभी असतात. चौथ्या हिवाळ्यात ती म्हणाली, "मी आता एक्क्याऐंशीची. तुझं ऑपरेशन झालं तेव्हाचा उधार शब्द आहे. घेऊन जाऊ का वर?"

घरी करू या, असं मी सुचवून पाहिलं. नवरा गाणं म्हणेल, त्याला येतं.

"दहा पुरुष तुझ्या स्वयंपाकघरात मावतील?"

"दोन-तीन बोलावू."

"दहा बोलले आहे. दोन-तीन म्हणजे चहाला बोलावतात."

दहा हा आकडा तिचा एकटीचा नव्हता. सामूहिक प्रार्थनेला दहा जण लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. कोकणात आणि ठाण्याला दहा म्हणजे दहा पुरुष. बायका पन्नास असल्या तरी शून्य. आमच्या इथल्या सिनेगॉगमध्ये बायका मोजतात. गेली तीसेक वर्षं मोजतात, आणि ते आपोआप झालेलं नाही. ते करून घेणाऱ्यांपैकी एक बाई अजून तिथल्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. सत्तरीची, उंच, कानामागे पेन्सिल खोचलेली. आई तिला मुकादमीण म्हणायची, अर्थात मराठीत.

मुकादमीण मला आवडायची. आम्ही दोघी एकाच जातीच्या, कामं उरकणाऱ्या. मी तिला मलिद्याचं सांगितलं, तिने यादी मागितली आणि नियम सांगितले. स्वयंपाकघरात घरचं शिजवलेलं काही येणार नाही. घरचं भांडं येणार नाही. पाकिटावर कोशरचा, म्हणजे मांस-दूध वेगळं ठेवण्यासारख्या आमच्या आहारनियमांत बसल्याचा, शिक्का हवा, आणि पाकीट बंद हवं.

मी दोन तास गाडी चालवून इंडियन स्टोअरमधून पोहे आणले होते. त्या पाकिटावर शाकाहारीचा हिरवा ठिपका होता, कोशरचा शिक्का नव्हता. तिने पाकीट उलटसुलट पाहिलं. "हे काय आहे?"

"तांदूळ. चपटे केलेले."

"का?"

तिने रब्बींना फोन लावला, दहा मिनिटं बोलली, आणि पोहे आत आले. गुळावर आणखी पाच मिनिटं गेली. नारळाला शिक्का लागत नाही, तो झाडाने बंद केलेला असतो. पण आईची खवणी दारात अडली.

"घरचं भांडं," मुकादमीण म्हणाली. "सॉरी."

मी आईला ते मराठीत सांगितलं. आई खवणी छातीशी धरून उभी होती. ठाण्याहून सुटकेसमध्ये साड्यांच्या मध्ये घालून आणलेली खवणी.

"माझी खवणी बाटलेली आहे का?" ती म्हणाली. "विचार तिला. माझ्या घरात मटणाच्या पातेल्याला कधी दूध लागलं नाही. माझ्या सासूच्या घरात लागलं नाही. तिने ते चीज घातलेलं बर्गर कधी खाल्लंय का, तेवढं विचार."

"आई, तसं विचारत नाहीत."

"मग काय विचारतात?"

मुकादमिणीने मला विचारलं, "काय म्हणते आहे?"

"खवणी जुनी आहे म्हणते आहे."

आईला इंग्रजी बोलता येत नसलं तरी समजत होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खवणी पिशवीत ठेवली. नारळ आम्ही मागच्या पायरीवर हातोडीने फोडले, पायरीवरचा बर्फ आधी फावड्याने बाजूला करून. खोबरं मुकादमिणीच्या किसणीवर किसलं. आई म्हणाली, किसलेलं खोबरं तोंडात दोऱ्यासारखं लागतं. पण सोलून वाट्या तिनेच हातात दिल्या.

आता माझी चूक. सिनेगॉगच्या ऑफिसमधल्या बाईने आठवड्याच्या पत्रकासाठी मजकूर मागितला. मी लिहिलं की रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या भारतीय परंपरेतला एक विधी आहे, त्याला दहा जण हवेत, कृपया या. "दहा पुरुष" असं मी आधी लिहिलं होतं. मग खोडलं. मुकादमीण ते वाचणार होती. ज्या बाईने मोजलं जाण्यासाठी भांडण केलं, तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी तिला सांगायचं की तू यात धरलेली नाहीस? मी हिशोब केला की रविवार आहे, वीसेक माणसं येतील, त्यात दहा पुरुष सहज असतील. न बोलताच काम होईल.

शनिवारी संध्याकाळपासून बर्फ पडायला लागला. सकाळी गाड्यांनी बर्फ नांगरून रस्ते मोकळे केले होते, पण डोंगराकडून येणारे रस्ते वाईट होते. आम्ही साडेनवाला पोचलो. पोहे भिजवले, गूळ घातला, स्टीलच्या मोठ्या नव्या परातीत रास केली. भोवती केळी, सफरचंद, संत्री, खजूर, डाळिंब. गुलाब मी सुपरमार्केटमधून आणले होते. आईने एक पाकळी नाकाशी धरली.

"वासच नाही. सुवासाचा आशीर्वाद कशावर म्हणायचा, या कागदावर?"

मग तिने पर्समधून कागदाची पुडी काढली आणि मुकादमिणीची पाठ वळलेली पाहून राशीच्या कडेला सात-आठ लवंगा ठेवल्या. लवंगांवर शिक्का नव्हता. मी दुसरीकडे पाहिलं.

अकराला माणसं आली. आईने तिच्या खुर्चीवरून मान हलवत त्यांच्यावर नजर फिरवली. मग पुन्हा फिरवली.

आमच्यात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत, नजर लागते. दहा शब्दांचा एक श्लोक आहे, माणसामागे एक शब्द म्हणायचा. इथेही तसंच करतात. एक निवृत्त प्राध्यापक ते काम करत, भुवया पांढऱ्या, आवाज बारीक. ते पुढे उभे राहिले, बोट फिरवत श्लोक म्हणू लागले. त्यांचं बोट माझ्या नवऱ्यावरून, मुकादमिणीवरून, माझ्यावरून फिरत मागच्या रांगेत गेलं आणि सातव्या शब्दाला आईवर थांबलं.

आई दचकली. मागे वळून पाहिलं, मागे भिंत होती.

"मला कशाला मोजतोय हा?" ती मोठ्याने म्हणाली.

मराठी कळणारे तिथे आम्ही तिघेच होतो. प्राध्यापक हसून पुढच्या माणसाकडे गेले, श्लोक संपला, आणि तरी चारजण उरले. "भरपूर आहेत," ते म्हणाले.

चौदा जण होते. त्यातले पुरुष सात.

मी ऑफिसमधल्या बाईकडे गेले. बाकीचे कुठे आहेत? ती खुशीत होती. सकाळी लांबच्या सगळ्यांचे फोन आले, येऊ का म्हणून, रस्ते खराब आहेत. तिने सगळ्यांना सांगितलं, जीव धोक्यात घालू नका, दहा जण झालेले आहेत. पाच-सहा गाड्या तिने अशा थांबवल्या होत्या. "तुला दहाच हवे होते ना?"

"हो," मी म्हटलं.

परतले तेव्हा आई पदर सारखा करून बसली होती. नवऱ्याने तिच्याजवळ वाकून विचारलं, "आई, सुरू करू ना?"

"करा," ती म्हणाली. "पोहे फुगतील."

नवऱ्याने गाणं म्हटलं. आमच्या चालीत. तो ठाण्याच्याच मशिदीत वाढला, त्याचा आवाज बेताचा आहे पण चाल पक्की. त्या खोलीत ती चाल पहिल्यांदाच निघत होती. इतर लोक त्यांच्या चालीत सामील व्हायचा प्रयत्न करत होते, ते एक ओळ मागे राहात होते आणि थांबत होते. आई ओळीवर होती. पूर्ण वेळ ओळीवर. मी परात धरून उभी होते आणि तिचे ओठ पाहात होते.

नंतर फळांवर, पोह्यांवर, लवंगांवर आशीर्वाद. सगळ्यांनी कागदी वाट्यांतून मलिदा खाल्ला. मुकादमिणीने दोनदा घेतला आणि कृती लिहून मागितली. परात रिकामी झाली.

आम्ही गाडीत बसलो. नांगरलेल्या बर्फाचे ढीग दोन्ही बाजूंना. आई म्हणाली, "मलिदा छान झाला."

"हो ना?"

"नवस राहिला."

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"तू त्यांना पुरुष म्हणून सांगितलं होतंस का?" आईने विचारलं.

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

"माझी?"

यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला आजही ठाऊक आहे. मी म्हटलं, "आई, तिथे बायका मोजतात. तुलाही मोजलं. तुझा एलियाहू काही मोजणीला बसलेला नाही."

"तो नसेल," आई म्हणाली. "शब्द मी दिला होता. मी बसले आहे."

घरी आल्यावर तिने खवणी पिशवीतून काढली, पुसली, ओट्याखाली ठेवली आणि भात टाकला. तो विषय संपला. ती रागावून बसणाऱ्यातली नव्हती. पुढच्या वर्षी करू, मी म्हटलं. करू, ती म्हणाली.

पुढच्या वर्षी तो दिवस आला तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती, छातीत पाणी झालेलं. वसंतात गेली. शेवटच्या आठवड्यात तिने नवसाचं नाव काढलं नाही. मी काढेन म्हणून वाट पाहात होती की विसरली होती, मला माहीत नाही.

तिच्यासाठी कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, मी स्वतः म्हटलं, दर शनिवारी, आणि त्या दहात मी मोजली जात होते. आठ अधिक मी, अधिक आणखी एखादी बाई, असं कित्येकदा झालं. माझ्याविना ते झालंच नसतं. ती मोजणी मला त्या वर्षी उपयोगी पडली, हे लिहून ठेवायला हवं. तिला ते चाललं असतं का, विचारायची सोय नव्हती. मागच्या रांगेत तिच्या शेजारच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नव्हतं. मी कोट तिथे ठेवायला लागले.

या हिवाळ्यात झाडांच्या नव्या वर्षाच्या तीन आठवडे आधी मी मुकादमिणीकडे गेले. ती फडताळात डबे लावत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, "मला मलिदा करायचा आहे. आणि मला दहा पुरुष हवे आहेत. माणसं नाही, पुरुष."

तिने डबा खाली ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. नवस, गाठ, पत्रकातला खोडलेला शब्द, गाडी. एवढं बोलायला मला बारा वर्षं लागली आणि बोलायला लागले तर चार मिनिटं पुरली.

"तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं. मग मी फोन केले असते." तिने कानामागची पेन्सिल काढली. "तुझी आई मला एका नावाने हाक मारायची. त्याचा अर्थ काय?"

"कामगारांवर देखरेख करणारी बाई."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि यादी करायला बसली. मध्येच मान न उचलता म्हणाली, "ज्यांनी मला मोजायला नकार दिला होता त्यातले दोघं अजून जिवंत आहेत. त्यांनाही बोलावते. किती आनंद होईल मेल्यांना." 'मेल्यांना' माझं. तिचा इंग्रजी शब्द याहून वाईट होता.

ती तेवढ्यावर थांबली नाही. आठवड्याने मला स्वयंपाकघरात बोलावून एक खोकं पुढे केलं. त्यात कोरी खवणी होती, तिने कुठून तरी मागवलेली. फळीवर चिकटपट्टी लावून वर लिहिलं होतं, "फक्त नारळ."

मलिद्याच्या सकाळी बर्फ नव्हता. नुसती थंडी. मी सहाला उठून गेले आणि नारळ खवले. खाली बसून, आई बसायची तशी, पाय खवणीवर घट्ट ठेवून. ओलं, भुरभुरीत, पांढरं खोबरं. दोऱ्यासारखं नव्हे. गुलाब मी आणलेच नाहीत, लवंगा शिक्क्याच्या बाटलीतून घेतल्या.

अकराला माणसं आली. प्राध्यापकांनी मुकादमिणीकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि त्यांचं बोट त्या दिवशी फक्त पुरुषांवरून फिरलं. माझ्यावर आलं आणि न थांबता पुढे गेलं. मुकादमिणीवरूनही गेलं. ती हाताची घडी घालून सरळ उभी होती. दहावा शब्द एका म्हाताऱ्यावर पडला, वॉकर धरून आलेल्या. बहुधा तिच्या त्या दोघांपैकी एक. अकरावा पुरुष उरलासुद्धा.

नवऱ्याने गाणं म्हटलं. मी मागच्या रांगेत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, कोट मांडीवर घेऊन. तिथून खोली वेगळी दिसते. सगळ्यांच्या पाठी दिसतात. पुढे काय चाललं आहे ते नीट ऐकू येत नाही, म्हणून आई मान कलती करत असे, हे मला पाच वर्षांत कळलं नव्हतं. मी वाट पाहात होते, कुणीतरी एक ओळ मागे राहून पुटपुटेल म्हणून. इतर लोक दोन वर्षांत चाल थोडी शिकले होते. कुणी मागे राहिलं नाही.

सगळं तिने सांगितलं तसं झालं. जागा, पुरुष, खोबरं. आशीर्वाद झाल्यावर मी वाटी घेतली आणि चव पाहिली. गूळ किंचित कमी होता.

मला फार बरं वाटलं, तिला नाव ठेवायला काहीतरी उरलं होतं. मी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हटलंच, अगदी हळू, "गूळ कमी पडला ना?" आणि मग परात घासायला आत गेले.